या वर्षी धोतर नको

हेमाकाकू : चहा नको रे, देवदत्त. आज एकादशी, मी पाणीही घेत नाही. तू आधी ते सुरू कर. कॉम्प्युटरवरून कपडे मागवता येतात ना?

देवदत्त : येतात काकू. पण त्यासाठी मालगुंडाहून एसटीने रत्नागिरीला, माझ्या सायबर कॅफेत? तुम्हाला हवंय तरी काय?

हेमाकाकू : टीशर्ट. काळा. पुढे गिटार छापलेलं. आमच्या यज्ञेशचा होता तसला.

देवदत्त : यज्ञेशचा? काकू, आता...

हेमाकाकू : असा बिचकू नकोस. चार वर्षं होतील त्याला जाऊन. आता नाव घेतलं तरी मी रडत नाही.

देवदत्त : कॉलेजातल्या सगळ्या कार्यक्रमांना तो तोच घालायचा. मी तबला सोडून ड्रम वाजवायला लागलो ते त्याच्यामुळे.

हेमाकाकू : ठाऊक आहे. तुझी आई मला बोल लावायची. तो टीशर्ट मी बोहारणीला दिला रे. तो इथे हॉस्टेलला होता तेव्हा. दोरीवर वाळत घातला की देवघराच्या खिडकीतून नेमका समोर यायचा. माळ ओढताना मन चळायचं. त्याच्यावर एक स्टीलचं पातेलं घेतलं मी.

देवदत्त : मला बोलला होता तो.

हेमाकाकू : काय म्हणाला? मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस हो. एकादशीचं खरं ते सांग.

देवदत्त : चिडला होता. म्हणाला, आईला मी हवाय, पण माझं काहीच नकोय.

हेमाकाकू : हं... मला एक अक्षर बोलला नाही. जेवला, ताट उचललं, गेला. महिन्याने ताप आला, आणि आठ दिवसांत सगळं संपलं.

देवदत्त : काकू, तापाचा आणि त्याचा काही संबंध नाही.

हेमाकाकू : कळतं रे ते. तू शोध.

देवदत्त : हे बघा. जुन्या रॉक गाण्यांवरचे आहेत सगळे. अजून खाली आहेत.

हेमाकाकू : अगो बाई, एवढे! आणि हे सगळे लोक घेतात?

देवदत्त : घेतात तर.

हेमाकाकू : मला वाटायचं, आमच्याच घरात एक वेडा जन्माला आलाय. थांब, थांब. वर घे. हाच. गिटारची एक तार तुटलेली आहे बघ.

देवदत्त : हाच, काकू! माझ्या नसतं लक्षात राहिलं.

हेमाकाकू : धुवायची मी ना. उलटा करून, छाप जाऊ नये म्हणून.

देवदत्त : मागवतो. पण घरात डोळ्यांसमोर ठेवलात तर तुम्हालाच त्रास होईल.

हेमाकाकू : ठेवायचाय कुठे? वद्य नवमीला श्राद्ध. तीन वर्षं गुरुजी सांगतात तसं धोतर दिलं. मुंजीनंतर कधी धोतराला हात लावला नाही रे माझ्या पोराने. या वर्षी त्याला आवडायचं ते द्यायचं. नवमीच्या आत येईल ना?

देवदत्त : रत्नागिरीला आठ दिवसांत येतं. यात पांढराही आहे काकू. श्राद्धाला काळं म्हणजे...

हेमाकाकू : गुरुजीही तेच म्हणाले. काळाच घे. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन.

देवदत्त : बरं. आता माप विचारतोय. गुरुजींना कुठलं...

हेमाकाकू : मेल्या, गुरुजी घालतायत होय ते! त्याच्या वयाच्या मुलाला द्यायचाय. तुझं माप घाल.

देवदत्त : माझं?

हेमाकाकू : नवमीला जेवायला ये. तो घालून पानावर बस. नाही म्हणू नकोस रे.

(देवदत्त पडद्यावरची मापांची यादी शेवटपर्यंत खाली नेतो.)

देवदत्त : काकू, मी आता कॉलेजात होतो तसा राहिलो नाही. इथे बसून बसून पोट सुटलंय. सगळ्यात मोठं माप लागेल.

हेमाकाकू : मग तेच घे. त्याचंही सुटलं असतं एव्हाना.