आईंनी नेलेली बाटली

अनुजा : राहू द्या आई, पाय नका चेपू. पहिले सांगा, डॉक्टरीणबाई तुमाले काय इचारून राहिल्या होत्या?

कलावती : काही नाही वो पोरी. डोळे मिट. बी.पी. अजून चढंन.

(अनुजाच्या हाताला सलाईन. उशाशी सासू. तिच्याकडे पाहावं की छताकडे, अनुजाला कळत नाही.)

अनुजा : शुक्रवारच्या लघवीत प्रोटीन नव्हतं, शुगर होती म्हणे. आज शुगर नाही अन् प्रोटीनच प्रोटीन. असं होते का?

कलावती : सुपेल्याच्या त्या लॅबात गर्दी राहते. चुकलं असंन त्याचं.

अनुजा : बिनसाखरेचा चहा मी रोज कोणासाठी ठेवतो, आई?

कलावती : चादर घे वर. थंडी वाजंन.

अनुजा : मले चक्कर येऊन राहिली होती. 'दे, मी नेऊन देतो' म्हणाल्या. माही बाटली ओतून दिली ना तुमी? सोताची भरली!

कलावती : हळू बोल. बाजूची ऐकून राहिली.

अनुजा : ऐकू द्या!

कलावती : प्रोटीन निघालं तर लगेच भरती, असं म्हणे ना डॉक्टरीण. अन् रविवारी तुही ओटी. नागपूरचे सारे निघाले होते. पहिलं लेकरू गेल्यापासून आपल्या मरोद्याच्या बाया तुले कोणाच्या ओटीले बोलवत नव्हत्या. माहा जीव जळे वो! त्याहिले दाखवाचं होतं एकदा. वाटलं, दोन दिवसानं काय होते? पाय तर साऱ्याईचेच सुजते.

अनुजा : पहिलं लेकरू या बी.पी.नंच गेलं. तुमीच त्याले पदरात घेतलं होतं.

कलावती : घेतलं होतं माय.

अनुजा : तरी? काल झोक्यावर डोळ्यापुढं अंधारी आली, मी तुमचा हात धरला. तुमी म्हणाल्या, 'हास, फोटो काढून राहिले.' अन् मी हासलो! तुमच्या भरवशावर हासलो मी.

कलावती : माह्या गौरवले नको सांगू. हात जोडतो.

अनुजा : तो प्लांटातून ड्युटी सोडून निघाला. सातव्यातच लेकरू काढा लागते. जगंन का, हे कोणीच सांगत नाही. अन् तुमाले गौरवची पडली!

ममता सिस्टर : चला, ऑपरेशनच्या पहले एक बार यूरिन आणखी लागंल. डबी भरून घरच्या माणसाजवळ द्या, नीचे लॅबमध्ये.

कलावती : आण पोरी, मी नेतो. गळ्याची शपथ, यावेळी तुहीच नेईन.

अनुजा : सिस्टर, तुमीच न्या. माह्यासंगं घरचं कोणी आलं नाही.