डोंगरात राहायची गाडी

तेलगावला आप्पारावच्या वेल्डिंगच्या दुकानात मी फाळ घेऊन थांबलो होतो. पुढं सारजाबाई आणि त्यांचा नवरा आश्रुबा पत्र्याच्या पेटीचं बिजागर जोडून घेत होते. ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक संध्याकाळी येणार होता. दारात एक व्हॅन उभी होती.

“आप्पाराव, ही गाडी एवढी उंच कावून केली?”

“दगडाधोंड्यातून जायचंय तिला, सारजाबाई. आत पलंग केलाय, शेगडी बसवली. टपावर पाण्याची टाकी.”

“म्हंजे ह्ये बी तोडीलाच निघालेत. कोणत्या कारखान्याला?”

“कारखान्याला न्हाई. पुण्याचे नवरा-बायको हायेत. डोंगरात राहणार.”

“तिकडं बी दुष्काळ पडला का?”

“कुठला? नळाला रोज पाणी हाय.”

“मग घर पडलं आसंल.”

“बंगला हाय. हौस म्हणून राहतेत रानात.”

“अवो, ऐकलं का? हौस म्हणं.”

“ऐकतोय. पर आत कोयते ठेवायला जागा दिसंना.”

“आश्रुबा, कोयते कशाला लागतेत त्यांला?”

“बरं, आप्पाराव, परत कवा येणार ते?” सारजाबाईंनी विचारलं.

“कंटाळा आला की येतील.”

“कंटाळा आला की?”

“व्हय.”

“आन मुकादम येऊ देतो?”