फाइलचं आडनाव

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या गवंड्याचे कान शेजारच्या मावशी-भाचीकडे लागले होते.

“अगं, या फाइलला दोन आडनावं कशी? ‘बाळाचा फोटो डॉट जेपीजी डॉट ईएक्सई’?”

“मावशी, जेपीजी नुसतं दाखवायला. शेवटचं ते खरं. हा फोटो नाही, प्रोग्राम आहे. उघडलास की कॉम्प्युटरचा ताबाच घेतो!”

“म्हणजे माझ्यासारखंच. पाटीवर माहेरचंही आडनाव, पण घरात हुकूम सासरचा!”

“उघडली नाहीस ना?”

“छे! तुझ्या काकांना पाठवली. ते घरी कॉम्प्युटरपुढेच बसलेत.”

“अगं, फोन लाव त्यांना!”

“घाबरू नकोस. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नाही.”

“आणि चष्मा सापडला तर?”

“कसा सापडेल? सकाळपासून माझ्या पर्समध्ये आहे.”