गव्हाएवढं फुडं

दुपार टळली तरी रंकाळ्याच्या थांब्यावर बस आली नव्हती. खांद्याला ट्रान्झिस्टर अडकवलेल्या एका पाहुण्यानं शेजारी डबा घेऊन बसलेल्या बाईंना विचारलं,

"मावशी, तळ्याकाठच्या त्या देवळात एवढा मोठा नंदी कसा?"

"त्यो सरकतोय, पावणं. रोज गव्हाएवढा तळ्याकडं, तांदळाएवढा माघारी."

"दगडाचा नंदी सरकतो?"

"तुमच्याकडं सरकत न्हाईत व्हय?"

"आणि तळ्यात पोचला म्हणजे?"

"जग बुडालं म्हणायचं. माझी सासू सांगायची."

"तुम्हाला खरं वाटतं?"

"सांगायला काय जातंय? बस तर येत न्हाय."

"डबा कुणाला?"

"मालकांस्नी. दवाखान्यात हाईत की, दिवाळीपास्नं."

"अरेरे! आता कसं आहे?"

"त्या नंदीवानीच. रोज गव्हाएवढं फुडं, तांदळाएवढं मागं."

"म्हणजे थोडं थोडं पुढंच की! होतील बरे."

बाईंनी डब्याचं झाकण उगाच दाबून पाहिलं.

"पावणं, फुडं तळं हाय."