उलटीकडची गाडी

पंढरी : तुझ्या मनगटाच्या वर, आतल्या बाजूला. डॉक्टरनं डायलिसिसच्या सुयांसाठी शिरा जोडल्या तेव्हापून हितंच आसती ती थरथर. बोट ठेवलं की भिंतीपल्याड पिठाची चक्की चालू आसल्यावानी लागतंय. आज लागंना.

उज्वला : गाडी हलायली.

पंढरी : हां, गाडीमुळंच. डिझेलचं इंजिन, माझा सगळा हातच थरथरायलाय. त्यात ही बारीक थरथर काय सापडनार.

उज्वला : सोडा आता हात. लोक बघायलेत. या वयात हात धरून बसलेत म्हणतील.

पंढरी : म्हनू दे. वाढदिवस हाय.

उज्वला : कुणाचा?

पंढरी : दोघांचाबी. एक जून. गुरुजींची मेहरबानी.

उज्वला : तुमच्या गुरुजींनी अख्खी पहिली एका दिवशी जन्माला घातली, आमच्याही गुरुजींनी तेच केलं. तुमची आई तर म्हणायची, पंढरी ज्वारीच्या काढणीत झाला.

पंढरी : मंग ज्वारी काढताना केक कापू. आज नांदेड बघू.

कंडक्टर : तिकीट, अहमदपूरवाले तिकीट... आरे, काका? काकू? तुमी तर लातूरच्या गाडीचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. आज उलटीकडं कसं काय?

उज्वला : आज सोमवार, दादा. आज मशीनला सुट्टी.

कंडक्टर : मंग नांदेडला दुसरा डॉक्टर बघितला का?

उज्वला : नाही. फिरायला चाललोय.

कंडक्टर : फिरायला! झ्याक. काकांचं पुरं, काकूंचं अर्धं.

उज्वला : बरोबर आहे. अर्धीच उरलेय मी.

कंडक्टर : काकू, आसं बोलू न्हाई. सगळ्याच बायकांना अर्धं आसतंय.

पंढरी : लई दिवसांनी तू कुनाला हसवलंस.

उज्वला : तो हसला कुठं? घाबरून पुढं गेला. बाटली द्या.

पंढरी : आत्ता तर घेतलंस.

उज्वला : माळाकोळीच्या आधी. घोटभर द्या, घसा कोरडा पडलाय.

पंढरी : झाकनानं घे. आजून दिवस जायचाय. उद्या मशीनवर जाईस्तोर सगळं आंगातच साठतंय. मंग छातीत पानी भरतंय, तुलाच आडवं पडता येईना.

उज्वला : सगळ्या अहमदपूरला पाणी सोडता तुम्ही. मला झाकणानं.

पंढरी : गावाला तरी कुठं रोज सोडताव? तेबी नगरपालिकेला शिव्या देत्यात, तू मला दे.

उज्वला : तुम्हाला शिव्या देऊन माझी जीभ ओली होत नाही.

पंढरी : हे बघ, लोहा आलं.

उज्वला : ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आता काही हलत नाही. घ्या, बघा हात.

पंढरी : मी जरा चहा घेऊन येतो.

उज्वला : मला चालत नाही चहा.

पंढरी : मला चालतोय की. रुमाल राहू दे शीटावर. आलोच.

(नांदेड. गोदावरीचा घाट, उतरती दुपार.)

उज्वला : नदीला पाणी आहे.

पंढरी : बंधाऱ्यानं आडवलेलं हाय. वाहत न्हाई ते.

उज्वला : तरी आहे. एवढं पाणी मी कितीतरी दिवसांनी बघितलं. त्या पिशवीत काय आहे?

पंढरी : केळी. स्टँडवर घेतली. अर्धापूरची हायत म्हनं.

उज्वला : द्या एक.

पंढरी : डोकं फिरलं का? सिस्टर काय म्हनती दरखेपी? केळं न्हाई, नारळपानी न्हाई, सीधं काळजावर जातंय.

उज्वला : मग घेतली कुणासाठी? तुम्हाला तर आवडत नाहीत.

पंढरी : ...घेतली. वाढदिवस हाय म्हनून घेतली.

उज्वला : हात बघा. इथं इंजिन नाही.

पंढरी : उन्हानं बोटं बधिर झाल्यात माझी.

उज्वला : रस्त्यावर चप्पल काढून उभं राहता आणि सांगता, पाइपात पाणी आलं का नाही. तळपायानं सांगता. माझा हात तुम्हाला बोटानं कळत नाही?

पंढरी : उज्वला...

उज्वला : बघा.

पंढरी : बंद हाय.

उज्वला : कधी कळलं?

पंढरी : काल पहाटं. तू झोपली हुतीस. रोजच्यावानी हात ठेवला, तर काईच न्हाई. वरून ठेवला, खालून ठेवला. नळ गेल्यावानी. तुला?

उज्वला : शनिवारी संध्याकाळी. मशीनवरून येऊन पडले होते तेव्हा.

पंढरी : शनिवारी! आन् बोलली न्हाईस? डॉक्टर म्हनला हुता ना, थरथर थांबली की त्याच दिवशी या, गुठळी काढता येती. आत्ताबी ऊठ. हितूनच सीधी लातूरची गाडी धरू. ऊठ.

उज्वला : तुम्ही काल पहाटे का नाही उठवलं मला?

पंढरी : ते मंग बोलू. आधी ऊठ.

उज्वला : खाली बसा. लोक बघायलेत.

पंढरी : बघू दे.

उज्वला : डाव्या हाताच्या शिरा संपल्या. उजव्या हाताची ही दुसरी खेप. आता मानेत नळी, ती बिघडली की मांडीत. मागच्या वेळी नळी होती तेव्हा कसा ताप चढायचा, आठवतं का? दोन गोधड्या टाकून तुम्ही वरून धरून बसायचात, तरी माझे दात वाजायचे.

पंढरी : ताप उतरला की. नळी घालून लोक जगत्यात. आपल्या बाजूच्या पलंगावरच्या गौरम्मा न्हाई का?

उज्वला : गौरम्मा येत नाहीत आता. त्यांचा पलंग दुसऱ्याला दिला.

पंढरी : मला सांगितलं न्हाईस.

उज्वला : तुम्ही बाहेर बाकावर बसता. आतलं सगळं कशाला सांगायचं?

पंढरी : माझी किडनी जुळंना. मंजूची जुळंल, तर तू घेईनास.

उज्वला : लेकीची घेणार नाही. ते बोलणं झालंय.

पंढरी : मंग मी काय करू? तूच सांग. पाइप फुटला तर मी बुजवताव, व्हॉल्व्ह आडकला तर हातोडी मारताव. हितं काय मारू?

उज्वला : मशीनवरून आले की दिवसभर नुसती पडून. दुसऱ्या दिवशी जरा तोंडाला चव येते, तर लगेच परत गाडी. मी आपल्या घरात राहतच नाही. त्या गाडीत राहते.

पंढरी : मीबी तिथंच राहताव. तुझ्या बाजूच्या शीटावर. मला कधी नको वाटलं न्हाई.

उज्वला : मला ठाऊक आहे. म्हणून तर एवढे दिवस आले.

पंढरी : आसं नको म्हनू. पहाटं उठून मी हात कुनाचा बघू?

उज्वला : एक विचारू? सकाळी स्टँडवर दोन्ही गाड्या लागल्या होत्या. मी नांदेडचं नावही काढलं नव्हतं. कुठंतरी जाऊ, एवढंच म्हटलं. तुम्ही जागा धरायला रुमाल कुठल्या खिडकीतून टाकला?

पंढरी : ...पाय लातूरच्याच गाडीकडं गेले. सवयच ती. मनात म्हनलं, आजच डॉक्टरला हात दाखवू, तुला तिथं गेल्यावर सांगू. खिडकीखाली उभा राहिलो. रुमाल हातात. आन् टाकवेना मला. तेवढ्यात नांदेडच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

उज्वला : आणि तुम्ही इकडं पळालात.

पंढरी : पळालो.

उज्वला : मी तिथंच खांबाजवळ उभी होते. बघत होते.

पंढरी : मला आजूनबी वाटतंय, ऊठ म्हनावं.

उज्वला : म्हणा.

पंढरी : धर ही बाटली.

उज्वला : किती आहे?

पंढरी : मोजलं न्हाई. पी.

उज्वला : गार आहे.

पंढरी : मघाशी हाटेलातून भरून घेतलं. सावकाश, ठसका लागंल.

उज्वला : फोन वाजायलाय तुमचा. मंजू असेल.

पंढरी : तूच घे.

उज्वला : तुम्ही घ्या. मी पाणी पितेय.

पंढरी : हां, मंजू. बोल.

मंजुश्री : हॅपी बर्थडे, पप्पा! दोघांनाही! मीटिंगमधून आत्ता सुटले. कुठे आहात? वाऱ्याचा आवाज येतोय.

पंढरी : नांदेडला. नदीवर बसलोय.

मंजुश्री : नांदेडला? अरे वा, भारीच की! उन्हाचं आईला पाणी जपून दे हां. आणि उद्याची गाडी कितीची आहे? लातूरला पोचलात की मेसेज करा, नाहीतर माझं कामात लक्ष लागत नाही.

पंढरी : तू हापिसात हाईस का? जरा बाहेर ये. कुठंतरी बसून घे.

मंजुश्री : का? काय झालं, पप्पा? आई कुठंय?

पंढरी : हितंच हाय, बाजूला. पानी प्यायली. तू सुट्टी काढ आन् आजच निघ, बाळा. आईसंगं राहायला ये. उद्या आमी लातूरला जानार न्हाई.