माझ्या हाताचं माप

हसू नका रे, चहा सांडेल. त्या नव्या दातेरी इळ्याची मूठ एवढी बारीक का, ते मला इचारा.

संशोधन करणारा एक साहेब आमच्या वाडीत आला. म्हणला, "आमचा इळा भात झपाट्यानं कापतो. आता मुठीचं एकच माप ठरवायचं, म्हणजे कुठल्याही कारखान्यात बनवला तरी सारखाच." मापासाठी मऊ मातीचा गोळा एकेकाच्या हातात देत होता. माझ्याकडं आला नि म्हणला, "काका, तुमचा हात लहान आहे, राहू द्या."

माझं डोस्कंच फिरलं. "लहान? ह्याच हातानं तीस वर्सं भात कापतोय! माझंच माप घ्या, नायतर चालते व्हा!" गोळा असा आवळला की पार बारीक झाला, नि साहेब घाबरून बाकीचे टाकून तेवढा एकच घेऊन पळाला.

कापणीला इळे आले. मूठ बोटाएवढी! सगळ्यांच्या हातातून निसटायला लागली. बायको खवळली, "अवो, काय करून ठेवलंत ह्ये!" रागानं तिनं मूठ आवळली, तर घट्ट बसली. दुपारपर्यंत अख्खं खाचर कापलंन तिनं.

तवापासून कापणीला उतरायच्या आधी सगळी वाडी माझ्या दारात येऊन मला शिव्या घालते. म्हणे, त्याबिगर मूठ बसत नाय.