गोदामातले कम्प्युटर

काय गेम होता राव तो! परभणीच्या आमच्या क्लासात एकच कम्प्युटर, तोबी सरांनी हैदराबादहून वापरलेला आणलेला. त्यावर आमी गेममधी आपापली कम्प्युटर कंपनी चालवायचो. ज्याची आधी बुडंल, त्यानं भजी खाऊ घालायची.

सेलूचा बंडू कापूस व्यापाऱ्याचा पोरगा. त्यानं कम्प्युटर बनवले आन् सगळे गोदामात दाबून ठेवले.

"अरे, विक की!"

"थांब रे, दिवाळीनंतर भाव चढतो."

तेवढ्यात बाजारात नवं मॉडेल आलं. बंडूच्या मालाला कुत्रं विचारंना. कंपनी खल्लास!

"ह्यो गेमच खोटा हाय!" बंडू लय तापला.

मी म्हणलं, "येड्या, ह्यो कापूस न्हाई. जुना कम्प्युटर कोण घेतंय?"

बंडूनं समोरच्या कम्प्युटरच्या डब्यावर थाप मारली. "मंग ह्यो कुणी घेतला?"

मागं सर उभे होते. पोट धरून हसले, आन् भजी त्यांनीच सांगितली.